लखपतच्या तटावरून



महोत्सवाच्या दिवशीं मी धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी आपली अपेक्षा असेल. ती कामगिरी इतर वक्त्यांवर सोंपवून मी गेल्या हिवाळ्यांत पाहिलेल्या एका ओसाड गांवाची हकीकत सांगणार आहें. तिचा उल्हासनगरशीं संबंध काय, तें पुढें ध्यानांत येईल.

कच्छांत भुजपासून सुमारें १३५ किलोमीटरांवर लखपत आहे. रस्ता संपतो तेथें सुमारें ७ किलोमीटर घेराचा तट उभा राहतो, आणि आंत पडक्या भिंती व मोजकीं घरें! हा तट १८०१ सालीं जमादार फत्ते महंमदानें वाढविला. तेव्हां सिंधु नदीच्या एका फांट्यामुळें येथें गलबतें येत, व्यापार चाले. १६ जून १८१९ रोजीं भूकंप झाला. उत्तरेस रणांतील जमीन वर उचलली जाऊन सुमारें ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा निर्माण झाला. तो मनुष्यानें बांधलेला नव्हे, म्हणून लोक त्यास ‘अल्लाबंद’ म्हणूं लागले. सिंधच्या राज्यकर्त्यांनीं बांध घालून नदीचें पाणी आधींच कमी केलें होतें; उरलेलें या उंचवट्यानें अडविलें. पाण्यामागोमाग माणसें गेलीं.

मी तटावर चढलों. एकीकडे रण, दुसरीकडे कोरी खाडी. वाळवंट कोठें संपतें व समुद्र कोठें सुरू होतो, तें डोळ्यांस कळेना. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा समुद्राचें पाणी रणांत लोटतो. पुढें तें आटून मिठाची पांढरी पापडी उरते. पलीकडे सिंध, पण दिसत कांहींच नाहीं. पहाऱ्यावरचा जवान बोट दाखवितो, तेवढेंच.

त्या क्षणीं मला आमच्या शेजारचे एक वृद्ध सिंधी गृहस्थ आठवले. १९४८ सालीं, नऊ वर्षांचे असतांना, ते कराचीहून आगबोटीनें मुंबईस व तेथून कल्याण कँपांत आले. महायुद्धांतील लष्करी बराकी या निर्वासितांचीं घरें झाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीची कोनशिला बसली व तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. नदी सोडून आलेल्यांच्या पदरीं नांव पडलें तेंही नदीचेंच!

एक कबुली देतों. अकरा वर्षें मी त्या गृहस्थांस रोज नमस्कार करीत आलों. बाबेलच्या नद्यांकांठीं रडणाऱ्या यहुद्यांवर मीं प्रवचनें केलीं. पण ‘आपलें गांव कोणतें?’ असें त्यांस एकदांही विचारलें नाहीं.

परत आल्यावर मी त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं विचारलें, “फादर, सिंधु दिसली का?”

मीं नाहीं म्हटलें, व अल्लाबंदाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग नातीस चहा आणावयास सांगून त्यांनीं ठट्टा शहराजवळच्या आपल्या गांवाचें नांव दोनदां सावकाश उच्चारलें. मीं तें वहींत लिहून घेतलें आहे.

येत्या शुक्रवारीं त्यांनीं पुन्हां बोलाविलें आहे. आपल्या तरुणांपैकीं ज्यांस यावयाचें असेल, त्यांनीं मिस्सेनंतर मला भेटावें.