दारातली कोळीण



मराठीत 'कोळी' म्हटलं की दोघं डोळ्यांसमोर येतात. एक समुद्रावर जाळं टाकणारा, दुसरा भिंतीच्या कोपऱ्यात जाळं विणणारा. दोघांचंही पोट जाळ्यावर. मी तमिळनाडूत राहायला आले तेव्हा इथला रोजच्या बोलण्यातला शब्द शिकले: 'एट्टुक्काल पूच्चि', म्हणजे आठ पायांचा किडा. मराठी माणसाला आधी जाळं आठवतं, तमिळ माणूस आधी पाय मोजतो. गेल्या वर्षी आमच्या घरात नेमके असेच दोन पक्ष पडले होते. मी आणि माझी मुलगी जाळं बघत होतो, आणि सासूबाईंना फक्त पाय दिसत होते.

आम्ही राहतो ओरत्तनाडुला. तंजावूरहून पट्टुकोट्टैला जाताना लागणारं हे गाव. मराठी माणसाला हे नाव सहसा माहीत नसतं, पण गावाला आपली ओळख आहे. तंजावूरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र, म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र, इथे आहे. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंची तिथे सोय व्हायची. आजूबाजूला भातशेती आणि नारळाच्या बागा. ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की सगळीकडे किडे होतात, आणि किड्यांच्या मागोमाग कोळी येतात.

आमच्याकडे ती आली ती मागच्या दाराबाहेर. जास्वंदीची फांदी आणि खिडकीचं ग्रिल यांच्यामध्ये एक गोल जाळं उभं राहिलं, साधारण जेवणाच्या ताटापेक्षा मोठं. मध्यभागी ती, डोकं खाली करून. पाठीवर पिवळे-तपकिरी पट्टे. आठ पाय दोन-दोन जोडून धरलेले, त्यामुळे लांबून चारच वाटायचे, फुलीच्या आकारात. आणि त्या फुलीच्या रेषेत जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची जाड नागमोडी नक्षी. एखाद्याने कागदावर सही ठोकावी तशी. म्हणूनच इंग्रजीत तिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. शास्त्रीय प्रजाती (जीनस) आर्जिओपी.

मागच्या दारातूनच तुळशीकडे आणि कपड्यांच्या दोरीकडे जावं लागतं. सासूबाईंनी त्या दाराने जायचं बंद केलं. पहाटे तुळशीला पाणी घालायला त्या पुढच्या दाराने निघून घराला अख्खा वळसा घालायच्या. हातात तांब्या, ओल्या फरशीवरून, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. घसरल्या तर काय, या विचाराने माझ्या नवऱ्याला झोप येईना. तो म्हणाला, "सरळ काढून टाकू." मुलगी नऊ वर्षांची. ती जाळ्यासमोर हात पसरून उभी राहिली. म्हणजे गंमत वाटली तरी प्रश्न खरा होता. एका बाजूला एका म्हाताऱ्या बाईची पडायची भीती, दुसऱ्या बाजूला एक जीव.

सासूबाईंचे आक्षेप तीन होते, आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच तीन असतील.

पहिला: घराला जळमटं म्हणजे दळिद्र. यात अर्थ आहे. न झाडलेल्या घरात धूळ साठते, जळमट धूळ धरतं. पण जळमट आणि जाळं यांत फरक आहे. छताच्या कोपऱ्यातलं काळं, लोंबणारं जळमट म्हणजे कोणीतरी सोडून गेलेलं घर. बाहेरचं गोल जाळं मात्र जवळजवळ रोज नवीन होतं. धागे धूळ आणि दव लागून जुने झाले की त्यांचा चिकटपणा जातो. मग ती जुने धागे खाऊन टाकते आणि त्यातल्याच प्रथिनांतून नवे काढते. शिळं काही ठेवायचं नाही आणि वायाही घालवायचं नाही. सासूबाईंना ही गोष्ट पटली. त्या म्हणाल्या, "म्हणजे रोज सडा-रांगोळी करते म्हण."

दुसरा आक्षेप: विष. हो, तिला विष आहे. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, भक्ष्य गार करायला ते लागतंच. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे, आणि त्यातल्या फार थोड्या माणसाला धोकादायक आहेत. सिग्नेचर स्पायडर त्यांत नाही. मुठीत दाबली तर चावेल, मधमाशीच्या डंखासारखं दुखेल. एरवी माणूस जवळ आला की ती जाळं जोरजोरात हलवते, इतकं की ती स्वतः धूसर दिसायला लागते, किंवा धाग्यावरून खाली उडी टाकते. आम्ही तिला घाबरत होतो आणि ती आम्हाला.

तरी लहान मुलं असलेल्या घरांसाठी सांगते. कुठलाही कोळी चावला तर जागा साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. सूज पसरली, ताप आला, धाप लागली, तर दवाखाना गाठा. ब्लेडने चिरणं, रक्त शोषणं, मंत्र घालणं यात वेळही जातो आणि जखम चिघळते.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा होता. त्या म्हणाल्या, "ते सगळं खरं असेल गं. पण मला भीती वाटते, त्याचं काय?"

याला माहितीचं उत्तर नसतं. २०१७ साली जर्मनी आणि स्वीडनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सहा महिन्यांच्या बाळांना फुलांची आणि कोळ्यांची चित्रं दाखवली. कोळी बघताना बाळांच्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या. ज्यांना कोणी अजून "शी, घाण" म्हणून शिकवलेलं नाही, त्यांच्यातही काहीतरी दचकतं. संशोधकांचं म्हणणं असं, की कोळी आणि साप यांच्याकडे चटकन लक्ष जाणं आपण जन्मतःच घेऊन येतो. पुढे त्याची भीती होते की नाही, हे आसपासच्या माणसांवर बरंच अवलंबून असतं. आणि बाहुली भीतीने मोठी होते तशीच ती कुतूहलानेही होते. एकाच दारातून दोघी येतात. माझ्या मुलीचे डोळे आणि तिच्या आजीचे डोळे सारखेच मोठे होत होते.

हे कळल्यावर मी सासूबाईंची समजूत काढणं सोडून दिलं. भीती वाटते म्हणून त्यांना कमी लेखायचं कारण नव्हतं, आणि भीती वाटते म्हणून जाळं मोडायचंही कारण नव्हतं. आम्ही घरात तीन गोष्टी ठरवल्या. तुळशीची कुंडी पुढच्या अंगणात आणली. कपड्यांची दोरी हातभर सरकवली. आणि जाळ्यापासून दोन फुटांवर खडूने रेघ मारली, तिच्या आत कोणी जायचं नाही, मुलीनेही नाही. रेघ मुलीसाठी होती तशीच सासूबाईंसाठी होती. कोळीण रेघेच्या पलीकडे, आपण अलीकडे. त्यांना तेवढी खात्री हवी होती. चार दिवसांनी त्या खुर्ची घेऊन रेघेच्या अलीकडे बसल्या. वाटाणे सोलता सोलता बघायच्या.

आमच्या शेजारी एक पाट्टी राहतात, पाट्टी म्हणजे आजी. त्यांनी खुर्ची बघितली आणि सासूबाईंना एक गोष्ट सांगितली. मोडकं हिंदी, हातवारे आणि मधे मुलीचं भाषांतर. गोष्ट तिरुवानैकावलची, त्रिची शहरातल्या श्रीरंगमच्या शेजारचं शिवमंदिर. तिथे जांभळाच्या झाडाखाली शिवलिंग होतं. एक हत्ती सोंडेने पाणी आणून रोज अभिषेक करायचा. एक कोळी लिंगावर पानं पडू नयेत म्हणून वर जाळं विणायचा. हत्तीला ते जाळं घाण वाटायचं, तो रोज मोडायचा. कोळी रोज पुन्हा विणायचा. शेवटी चिडून कोळी सोंडेत शिरला आणि चावला, दोघंही मेले. कोळी पुढच्या जन्मी चोळ राजा झाला, कोच्चेंगणान, म्हणजे लाल डोळ्यांचा राजा. त्याने शिवाची पुष्कळ देवळं बांधली, पण अशी उंचावर आणि अरुंद वाटेची, की हत्तीला आत जाता येऊ नये. शैवांच्या त्रेसष्ट नायन्मार संतांमध्ये त्याचं नाव आहे.

मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात दुष्ट कोणीच नाही. एकाची पूजा दुसऱ्याला घाण दिसते, एवढंच. आमच्या मागच्या दारात तेच चाललं होतं.

मग बघणं हा घरातला उद्योगच झाला. मुलीने वही केली. रोज सकाळी जाळ्याचं चित्र, किती किडे अडकले, पाऊस होता का. सरफोजी राजांनी दोनशे वर्षांपूर्वी तंजावूरच्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रं काढून घेतली होती. मी तिला सांगितलं, तू ओरत्तनाडुची चित्रकार. तिच्या वहीतून आम्हाला कळलं, की नक्षी रोज सारखी नसते. कधी पूर्ण फुली, कधी एकच तिरकी रेघ, कधी काहीच नाही. ही नक्षी कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतं, ती किड्यांना आकर्षित करते. कोणी म्हणतं, पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते फाडू नये म्हणून. नऊ वर्षांच्या मुलीला जेव्हा कळतं की मोठ्यांनाही अजून उत्तर मिळालेलं नाही, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

एक दिवस जाळ्याच्या कडेला एक अगदी बारीक, मातकट कोळी दिसला. मुलगी म्हणाली, "आजी, तिचं बाळ!" सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "बाळ कसलं, नवरा असेल. बघ कसा कडेला बसलाय." बरोबर होतं. या जातीत नर मादीच्या मानाने फारच लहान असतो, आणि मीलनानंतर बऱ्याचदा ती त्याला खाते. हे मी सांगितलं तेव्हा माझा नवरा चहाचा कप घेऊन आत निघून गेला.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिने पानाआड कागदासारखी एक छोटी पिशवी बांधली. अंडी. मग एका सकाळी ती नव्हती. या प्रजातीतल्या माद्या वर्षाच्या आतच जगून घेतात. मुलगी रडली. पिल्लं बाहेर पडल्यावर उंचावर चढतात, धागा सोडतात आणि वाऱ्याबरोबर उडतात. १८३२ मध्ये चार्ल्स डार्विनच्या जहाजावर किनाऱ्यापासून सुमारे साठ मैलांवर असे कोळी येऊन उतरले होते. हे वाचून दाखवल्यावर तिचं रडणं थांबलं, आणि आता कुठल्या गावाला जातील यावर चर्चा सुरू झाली.

माझ्या सासूबाईंची भीती गेली का? नाही. आजही न्हाणीघरात कोळी दिसला तर त्या मला हाक मारतात. मी पेला उपडा ठेवते, खालून पोस्टकार्ड सरकवते आणि बाहेर सोडते. भीती राहिली, झाडू मागणं तेवढं थांबलं.

हे एका दारापुरतं नाही. आमच्या घरामागून भातखाचरं सुरू होतात. भाताच्या बुडाशी जाळं न विणणारे, पळत शिकार करणारे कोळी असतात, आणि तपकिरी तुडतुडे हे त्यांचं मोठं खाणं. कोकणातल्या आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांना हे तुडतुडे चांगले माहीत आहेत. आशियातल्या भातशेतीत १९७० च्या दशकात असं दिसून आलं, की कीटकनाशकांच्या सरसकट फवारणीनंतर तुडतुडे उलट वाढले, कारण आधी मेले ते कोळी. इंडोनेशिया सरकारने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, त्यामागे हेच कारण होतं. म्हणजे न बघता मारलं की काय होतं, याची किंमत एका देशाने मोजून पाहिली आहे.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. तुमच्या गॅलरीत, परसात, जिन्याच्या दिव्याजवळ एखादी कोळीण असेल. ती आवडायलाच हवी असं काही नाही. घरात कोणी घाबरत असेल तर आधी त्या माणसाची वाट मोकळी करा, कुंडी हलवा, दोरी सरकवा, रेघ मारा. मग झाडू सात दिवस बाजूला ठेवा आणि रोज सकाळी दोन मिनिटं रेघेच्या अलीकडे उभे राहा. मुलांच्या हातात वही द्या. आठव्या दिवशी काय करायचं ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि घाबरणाऱ्या माणसाचं मत सगळ्यात आधी विचारा.