जीव आपोआप उपजतो काय?



जालन्याच्या मोंढ्यात श्रावणात ज्वारीचे पोते उघडले, की कधी कधी आतून सोंडे चालू लागतात. पोते शिवताना त्यात एकही किडा दिसलेला नसतो. ‘दमट हवेने धान्यातच उपजले’, हे उत्तर घरोघरी ऐकू येते. त्यास अडाणीपणा म्हणण्याचे कारण नाही. युरोपातील थोर विद्वानही सतराव्या शतकात हेच मानीत. मळका सदरा व गहू एका भांड्यात ठेवल्यास २१ दिवसांत उंदीर निपजतात, असे व्हॅन हेल्माँट या वैद्याने लिहून ठेवले! उंदीर बाहेरून आला असेल, ही शंका त्यास शिवली नाही.

१६६८ मध्ये इटलीच्या फ्रान्सिस्को रेडीने मांसाच्या काही बरण्या उघड्या ठेवल्या, काहींची तोंडे बंद केली. उघड्यांत अळ्या पडल्या, बंद बरण्यांत पडल्या नाहीत. हवा कोंडल्याचा आक्षेप येणारच होता. म्हणून त्याने बरण्यांवर विरळ वस्त्र बांधले. हवा आत गेली, माशा बाहेर राहिल्या. मांसात अळ्या झाल्या नाहीत. वस्त्राने पाणी गाळणाऱ्या समाजास ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. पुढे हॉलंडच्या लेव्हेनहूकने सोंड्यांचाही जन्म अंड्यातूनच होतो, हे दाखविले. मादी दाण्यास छिद्र पाडून आत अंडे घालते व छिद्र बुजविते; म्हणून दाणा शाबूत दिसतो. सूक्ष्म जीवांचा वाद मात्र पाश्चरच्या १८६० च्या सुमाराच्या प्रयोगांपर्यंत चालला.

येथे तत्त्वार्थसूत्राचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यात जन्माचे संमूर्च्छन, गर्भ व उपपाद हे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि किडा-मुंगी परंपरेने संमूर्च्छिम गणली जाते. विज्ञानाने शास्त्रवचन सिद्ध केले, असे येथे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सोंड्यास माता-पिता असतात. मात्र संमूर्च्छन आणि युरोपीय मत एक नव्हे. जडातून चैतन्य निर्माण होते, हे जैन दर्शनाने कधीच मानले नाही. शरीर नवे घडते, जीव पूर्वीचाच असतो. शरीर कसे घडते, एवढेच रेडीच्या बरणीने तपासले. जीवाचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा होता.

जयणेच्या दृष्टीने या शोधाचा उपयोग मोठा आहे. चांगले वाळलेले धान्य घट्ट झाकणाच्या कोठीत भरले, तर मादी दाण्यापर्यंत पोहोचत नाही. जीव पडला नाही, तर त्याची हिंसाही टळते. परंतु अंडे कधी शेतातच दाण्यात पडलेले असते. म्हणून कोठी बंद असूनही गृहिणी अधूनमधून धान्य उपसून पाहतात.