नकाशात नसलेल्यांची मोजणी

(तरुण भूमापक आणि ग्रामीण भागातील कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतील दगडमातीच्या जाड भिंती झोपेत असलेल्या माणसांवर कोसळल्या आणि सुमारे ८,००० जीव गेले. पुढे पुनर्वसनाची योजना आली. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्याचे ठरले. या नव्या गावांत कोणाला किती मोठे घर मिळावे, याचे एक कोष्टक करण्यात आले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट!

भूकंपाने कोणाचाही सातबारा पाहिला नव्हता. शेतमजुराच्या घरात मेलेली माणसे आणि बागायतदाराच्या वाड्यात मेलेली माणसे सारखीच मेली. सातबारा पाहिला तो पुनर्वसनाने. या कोष्टकाच्या न्यायान्यायाची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यही आहे. तथापि भूमापनाचे शिक्षण घेतलेल्या तरुणांनी त्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपत्तीनंतर मदत दोनदा येते. पहिली मदत धान्याची, कपड्यांची, औषधांची. ती समाजाच्या करुणेतून येते आणि काही आठवड्यांत ओसरते. दुसरी मदत घराची, जमिनीची, नुकसानभरपाईची. ती कागदावरून येते, आणि तिच्यावर माणसाची पुढची तीस-चाळीस वर्षे अवलंबून असतात. पहिल्या मदतीत हात देणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या मदतीच्या वेळी ज्याचे नाव कागदावर नाही, तो एकटा पडतो.

आता हा कागद कसा तयार झाला, ते पाहिले पाहिजे. आपल्याकडची शास्त्रशुद्ध जमीनमोजणी इंग्रजी अमदानीत, शेतसारा बसवण्यासाठी सुरू झाली. तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी शेताशेतांतून फिरली. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्या जमिनीतून सारा वसूल व्हायचा तिचा कोपरान् कोपरा टिपणात उतरला. गावठाणावर शेतसारा नव्हता. म्हणून गावाच्या नकाशात शेते रेखली गेली आणि माणसे जिथे राहतात ती जागा एक रिकामा तुकडा म्हणून उरली. गावठाणाबाहेरची वस्ती, गायरानावरील झोपड्या, डोंगरावरील आदिवासी पाडा यांना तर तेवढेही स्थान मिळाले नाही. सरकारला ज्याच्याकडून घ्यायचे होते त्याची मोजणी झाली, आणि ज्याला द्यायचे आहे त्याची मोजणी राहून गेली. आजची मदत ह्या जुन्या हिशेबावरच वाटली जाते, हे दुखण्याचे मूळ आहे.

याचे परिणाम किती जीवघेणे असतात हे इर्शाळवाडीने दाखवून दिले. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत असलेल्या ह्या ठाकर आदिवासींच्या वाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. माणसांनी कुदळी-फावड्यांनी चिखल उपसला. २७ मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. संभाव्य दरडप्रवण गावांच्या यादीत ह्या वाडीचे नावच नव्हते, असे खुद्द शासनाने सांगितले. यादीत नाव नसले म्हणून डोंगर थांबत नाही. पण यादीत नाव नसले म्हणजे पाहणी होत नाही, इशारा जात नाही, स्थलांतराचा विचार होत नाही.

मग तरुण भूमापकाने करावे काय? आपत्तीच्या जागी धावून जाऊन पोती उचलणे चांगलेच. परंतु ते काम कोणीही करू शकतो. भूमापकाला जे येते ते इतरांना येत नाही, आणि त्याची गरज चार ठिकाणी आहे.

पहिले काम आपत्तीपूर्वीचे. प्रत्येक वाडीचा, पाड्याचा घरवार नकाशा तयार करणे. कोणते घर कुठे, त्यात चुली किती, माणसे किती, अंथरुणाला खिळलेले कोण, पाणवठा कुठे, वर येणारी पायवाट कुठून. दरडीखाली सारेच सपाट होते तेव्हा कुठे खणायचे याचे उत्तर असा नकाशाच देऊ शकतो. हे काम किती थोड्या साधनांनी होते याचे उदाहरण हैतीचे आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तिथल्या राजधानीचे पुरेसे तपशीलवार नकाशे हाताशी नव्हते. जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काही दिवसांत रस्ते आणि वस्त्या रेखून दिल्या, आणि बचाव पथकांनी त्या नकाशांचा उपयोग केला. ही साधने आता प्रत्येक तालुक्याच्या गावी उपलब्ध आहेत. उणीव आहे ती वाडीपर्यंत चढून जाणाऱ्या माणसाची.

दुसरे काम आपत्तीच्या लगोलग येणाऱ्या पंचनाम्याचे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात आणि सोलापूरकडे नद्या शेतांतून वाहिल्या. पिके तर गेलीच, पण कित्येक शेतांची मातीही खरडून गेली. पीक गेले आणि जमीन गेली, ही दोन निरनिराळी नुकसाने आहेत, आणि दोन्हींचे मोजमाप निराळे. नजरेने ठोकून दिलेल्या आकड्यात लहान शेतकऱ्याचे वीस गुंठे सहज हरवतात. शिवाय बांध आणि हद्दीचे दगड वाहून गेले की बळकट शेजारी नांगर पुढे सरकवतो. अशा वेळी जुने टिपण घेऊन, विहीर, देऊळ, शिवेवरचा दगड अशा टिकून राहिलेल्या खुणांवरून हद्द पुन्हा कायम करणारा भूमापक म्हणजे दुबळ्याचा खरा वकील. आणि भिंतीवरील पुराची रेघ पुसली जाण्याआधी तिची उंची लेव्हलने मोजून नोंदवावी. निळी आणि लाल पूररेषा कागदावर आखल्या जातात. त्या खऱ्या आहेत की बिल्डरांच्या सोयीच्या, हे पुढे अशा नोंदीवरूनच ठरवता येते.

तिसरे काम नव्या जागेच्या निवडीचे. पुणे जिल्ह्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. नवे माळीण २०१७ च्या एप्रिलमध्ये उभे राहिले. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचल्याचे आणि भराव सरकल्याचे गावकऱ्यांना पाहावे लागले. उतारावर जागा सपाट करायची म्हणजे एकीकडे डोंगर कापायचा आणि दुसरीकडे भर घालायची. ही भर पाण्याने भिजली की काय करील, पाण्याचा जुना ओघळ कुठून जात होता, हे समोच्च रेषांचा नकाशा सांगतो. तो नकाशा अभियंत्याच्या कपाटात राहता कामा नये. उंची सारखी असलेली ठिकाणे जोडणारी ती रेघ काय म्हणते, हे गावसभेत म्हाताऱ्या बायकांनाही समजेल अशा भाषेत सांगणे हे तरुण भूमापकाचे कर्तव्य आहे. आणि त्या म्हाताऱ्या बायकांना ओघळ कुठून वाहतो हे बहुधा नकाशापेक्षा अधिक ठाऊक असते. तेही ऐकले पाहिजे.

चौथे काम हक्काच्या नोंदीचे. सातबारा थोरल्या वडिलांच्या नावावर आणि चुली तीन. घर पडले तर भरपाई एकाला. कूळ कसतो, नाव मालकाचे. नवरा गेला, वारसाची नोंद झाली नाही, आणि विधवा खेटे घालते आहे. वनजमिनीवरील पाड्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे, पण दाव्याला जोडायच्या नकाशापाशी अनेकांचे पाऊल अडते. प्रत्येक मोजणीच्या वेळी चूलवार नोंद घेणे, घर नवरा-बायको दोघांच्या नावे मागणे, वनहक्क समितीला मोजणी शिकवणे ही कामे आपत्ती येण्याची वाट पाहत बसत नाहीत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली आहे. मग हा खटाटोप कशाला? ही योजना स्वागतार्हच आहे. परंतु ड्रोनला छप्पर दिसते, छपराखालच्या चुली दिसत नाहीत. आणि योजनेचा विषय गावठाण हा आहे. गायरानावरील वस्ती आणि वनजमिनीवरील पाडा तिच्यात सहजी बसत नाही. ज्यांना दरडीचे आणि पुराचे भय सर्वांत अधिक, तेच पुन्हा बाहेर राहण्याचा धोका आहे.

दुसरा आक्षेप भूमापकांचाच असतो. साखळी कोणाची बाजू घेत नाही, ते म्हणतात. हे खरे आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. गरिबाच्या शेतात गुंठा वाढवून दाखवणारा भूमापक गरिबाचा मित्र नव्हे. पहिल्याच फेरमोजणीत तो गरिबाला तोंडघशी पाडतो. मोजमाप तंतोतंतच हवे. पण साखळी कुठे न्यायची आणि कुठे न्यायची नाही, हे साखळी ठरवत नाही. ते दीडशे वर्षे साऱ्याच्या हिशेबाने ठरले. आता ते माणसाच्या गरजेने ठरावे, एवढीच मागणी आहे.

एक गोष्ट मात्र गावकऱ्यांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्वयंसेवकांनी केलेला नकाशा म्हणजे मालकीचे अधिकारपत्र नव्हे. त्याची खोटी आशा दाखवणे ही फसवणूक ठरेल. पण गावसभेत वाचून दाखवलेला, हरकती ऐकून दुरुस्त केलेला, ठरावाने मान्य केलेला आणि तहसील कचेरीत पोच घेऊन दाखल केलेला नकाशा हा पुरावा असतो. "येथे वस्तीच नव्हती," असे म्हणणे त्यानंतर कोणाला सोपे जात नाही. त्याची एक प्रत गावात राहिली पाहिजे. गावाची माहिती गोळा करून निघून जाणारे अभ्यासक गावांनी पुष्कळ पाहिले आहेत.

पावसाळा दरवर्षी जूनमध्ये येतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात तंत्रनिकेतने आणि आयटीआयमधील सर्वेअरचे विद्यार्थी मोकळे असतात, आणि वाड्यांवरची माणसेही मजुरीहून परतलेली असतात. पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील अशा पाच विद्यार्थ्यांना गाठावे, त्यांच्याबरोबर वाट दाखवणारा एक कार्यकर्ता द्यावा, आणि डोंगराच्या पायथ्याची व नदीच्या काठची एक-एक वाडी हाती घ्यावी. पुढच्या पावसात कदाचित तिथे काहीच घडणार नाही, आणि तसे झाले तर उत्तमच. पण काही घडलेच, तर चिखलाच्या ढिगाऱ्यापुढे उभ्या असलेल्या माणसांना आपली घरे कुठे होती आणि त्यांत कोण राहत होते, हे सिद्ध करीत बसावे लागू नये.