धातू वाहणारे पाणी



तांबे आणि सोने साध्या कातळातही असते. पृथ्वीच्या कवचात टनभर खडकामागे तांबे सरासरी 50-60 ग्रॅम आणि सोने अवघे काही मिलिग्रॅम. एवढ्यासाठी कोणी खाण खोदत नाही. खाण परवडायची तर टनामागे तांबे पाच-दहा किलो आणि सोने निदान ग्रॅमभर लागते. विखुरलेला धातू असा एकवटायचे काम बहुतेक ठिकाणी गरम पाण्याने केले आहे.

हे पाणी कुठून येते? काही थंड होणाऱ्या शिलारसातून सुटते, काही खोलवर तापलेल्या, दबलेल्या खडकांतून, तर काही पावसाचे वा समुद्राचेच भेगांतून मुरलेले असते. तापमान साधारण 200 ते 500 अंश. वर खडकाचे ओझे असल्याने खोलवर ते सहसा उकळत नाही. मात्र नुसत्या पाण्यात धातू फारसा विरघळत नाही. तांब्याला धरून ठेवते पाण्यातल्या मिठाचे क्लोराइड, सोन्याला बहुधा गंधक.

पण धातू वाहून नेला म्हणजे साठा झाला असे नाही. तो एका जागी खाली बसला पाहिजे. भूकंपात खडक सरकतो, भेग उघडते, दाब एकदम उतरतो. कुकरचे झाकण अवेळी काढावे तसे पाणी उसळून उकळते. गंधकाचा वायू निसटतो आणि सोन्याचा आधार जातो. कधी लोहाने भरलेला काळा खडकच पाण्यातला गंधक ओढून घेतो. त्यातून पायराइट बनते आणि सोने तिथेच बसते. कोलारचे सोने अशा काळ्या खडकांतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत होते. त्या शिरांमागे माणूस तीन किलोमीटरहून खोल उतरला. 2001 साली ती खाण बंद झाली.

तांब्याचे उदाहरण आपल्या गोंदियाशेजारी, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडचे. तिथे सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी ग्रॅनाइटच्या भेगांत गार आणि पितळी झाकेचे चाल्कोपायराइट हे तांब्याचे खनिज बसले. हिंदुस्थान कॉपर आजही तिथून तांबे काढते.

इतक्या जुन्या पाण्याचा पुरावा काय? गारेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरा. स्फटिकात केसाच्या जाडीहून लहान थेंब अडकलेले दिसतात. थेंबात बुडबुडा असतो, कधी मिठाचा चौकोनी कणही. काप तापवत नेला की बुडबुडा आकसत आकसत नाहीसा होतो. तो ज्या तापमानाला जातो, निदान तितके तरी ते पाणी गरम होते. हेन्री सॉर्बी या इंग्रज शास्त्रज्ञाने 1858 सालीच ही वाट दाखवली.

उष्णता, मीठ किंवा गंधक, वाहायला भेग आणि थांबायला कारण, हे सारे एका जागी जुळले तरच साठा बनतो. म्हणून तो दुर्मीळ, आणि एकदा उपसला की माणसाच्या हिशेबात पुन्हा भरत नाही.

विदर्भाच्या पूर्व भागात असे जुने खडक आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांब्याच्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हा तरुण मित्रांनो, रानात फिरताना गारेच्या शिरेवर हिरवा किंवा गंजासारखा तांबूस डाग दिसला, तर जागा नीट टिपून ठेवा, फोटो काढा आणि नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाला कळवा.