एकच पदपथ, दोन कायदे



मुंबईच्या कोणत्याही मोठ्या स्थानकाबाहेर जटा वाढलेला, चिंध्या पांघरलेला, स्वतःशीच पुटपुटणारा एखादा माणूस दिसतोच. लोक त्याला वळसा घालून जातात. कायद्याला मात्र तो दोन प्रकारे दिसतो.

१९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा त्याला भिकारी ठरवू शकतो. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणे, हेसुद्धा या कायद्याच्या व्याख्येत भीक मागणेच होय. हात पसरला नाही तरी चालते! पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात डांबण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरत्या या शिक्षा घटनाबाह्य ठरविल्या.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा त्याच माणसाला रुग्ण मानतो. कलम १०० प्रमाणे पोलिसांनी त्याला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यायचे आहे. कोठडीत ठेवण्यास मनाई आहे. कलम १८ अन्वये बेघराला सरकारी संस्थेत उपचार विनामूल्य आहेत. यांपैकी कोणता कायदा लागू व्हायचा, हे बहुधा पोलीस चौकीतच ठरते.

उपचारानंतरचा प्रश्न अधिक बिकट आहे. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने १९८८ पासून रस्त्यावरील असंख्य मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या गावी, घरी पोहोचविले. हे काम थोर आहे. पण ज्याचे घरच पदपथावर होते, किंवा ज्याला घरचे स्वीकारीत नाहीत, त्याला कोठे पोहोचवायचे? पदपथावर झोप सलग मिळत नाही, स्त्रीला तर डोळा मिटण्याचीच भीती. महापालिकेच्या गाडीत गाठोडे गेले की गोळ्याही गेल्या, कागदपत्रेही गेली. महिन्याभरात आजार उलटतो आणि ठपका मात्र रुग्णावर येतो.

केवळ बेघर आहे म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही, असे कलम १९ सांगते. आणि त्याच कलमाने अशांसाठी वस्तीतच संक्रमणगृहे व समूहगृहे उभारण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

तेव्हा प्रत्येक शाखेने कलम १०० ची मराठी प्रत आपल्या विभागातील पोलीस ठाण्यात नेऊन द्यावी, आणि गेल्या वर्षभरात त्याखाली किती जणांना रुग्णालयात नेले हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. दुसरा अर्ज आरोग्य विभागाकडे जावा: आपल्या जिल्ह्यात संक्रमणगृहे किती, त्यांत खाटा किती, आणि त्यांपैकी स्त्रियांसाठी किती?