आवतण देणारी आणि पंगत वाढणारी

हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

गावात लग्न निघालं की दोन कामं ठरलेली. एक जण घरोघर आवतण देत फिरतो, दुसरा आचाऱ्याजवळ बसून तांदूळ-डाळीचा हिशेब करतो. पहिल्यानं चूलबंद आवतण दिलं आणि दुसऱ्याला ते सांगितलंच नाही, तर शेवटच्या पंगतीला भात पुरत नाही. दोघांनी कामं चोख केलेली असतात, नाचक्की मात्र घराची होते.

आपल्या बचत गटांच्या प्रदर्शनाचंही तसंच आहे. जागा, मांडव, टेबलं, वीज, पाणी बघणारी ती नियोजनाची ताई. पत्रक, फलक, व्हॉट्सॲपचा निरोप, म्हणजे गिऱ्हाईक आणणारी ती प्रसिद्धीची ताई. शहरात या दोन कामांना इव्हेंट मॅनेजमेंट आणि मार्केटिंग म्हणतात, त्यासाठी पगारी माणसं असतात. आपल्याकडे आपणच.

आमची फजिती सांगते. मी नवी मुंबईत राहते आणि उरण-पनवेलकडच्या गटांचं काम बघते. एका वर्षी मार्चमध्ये आम्ही बेगमीचं प्रदर्शन भरवलं. पापड, कुरडया, आगरी मसाला, कोकम, पांढरा कांदा. नियोजनाच्या ताईनं गुरुवार-शुक्रवारसाठी हॉल घेतला, कारण आडवारी भाडं कमी होतं. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७. प्रसिद्धीच्या ताईनं सुरेख पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गरमागरम तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी’.

हॉलमध्ये गॅस पेटवायला मनाई होती. नियोजनाच्या ताईला ते माहीत होतं, पण पत्रक तिनं पाहिलं ते छापून आल्यावर. इकडची माणसं लोकलनं कामावरून परततात ती सात-साडेसातला, हे प्रसिद्धीच्या ताईला माहीत होतं, पण हॉल ठरवताना तिला कोणी विचारलं नाही. दिवसभर आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलो. सातला टेबलं आवरली, आणि तेव्हा लोक दारात यायला लागले. पहिला प्रश्न एकच, ‘भाकरी कुठे आहे?’

भाकरीवाल्या काकूंनी गटातून ५,००० रुपये अंतर्गत कर्ज घेऊन पीठ आणि सुकट भरली होती. रात्री पिठाचे डबे घेऊन त्या एसटीनं परत गेल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मात्र हप्ता देताना म्हणाल्या, “पत्रकात माझी भाकरी होती, हॉलात माझी चूल नव्हती.” हप्ता त्यांच्या नवऱ्याच्या मजुरीतून आला होता. हे मला अजून लागतं, कारण दोन ताईंना एकत्र बसवणं हे माझं काम होतं.

तुम्ही मुंबईचं महालक्ष्मी सरस पाहिलं असेल. राज्याचा ग्रामविकास विभाग आणि उमेद अभियान ते भरवतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर ते भरलेलं आहे. तिथे वस्तूंचे स्टॉल एकीकडे आणि खाद्यदालन वेगळं. चुली, पाणी, खरकटं यांची सोय नियोजनाच्या दृष्टीनं त्यात होते. प्रसिद्धीच्या दृष्टीनंही ते फायद्याचं, कारण जेवायला आलेलं माणूस जाताना मसाल्याची पुडी घेऊन जातं. एकाच मांडणीत दोघींचं काम होतं.

मग आम्ही तीन नियम केले.

पहिला, जागा ठरवायच्या आधी दोघींनी बसायचं. गिऱ्हाईक कोण, ते घरी किती वाजता असतं, पगार कधी होतो, हे प्रसिद्धीच्या ताईनं सांगायचं. भाडं, वीज, गॅसची परवानगी नियोजनाच्या ताईनं सांगायची. आणि सगळा पैसा भाड्यात घालवायचा नाही. प्रसिद्धीचा खर्च आधी बाजूला काढायचा.

दुसरा, छापण्याआधी पत्रक सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. प्रत्येक ओळीला विचारायचं, ‘हे कोणत्या टेबलावर दिसणार?’ अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव लिहायचं तर कांदा अलिबागचाच हवा. फोटोत कांद्याच्या माळा असतील, तर त्या टांगायला दाराशी बांबू हवा. खाण्याच्या पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक आहे का, तेही त्याच दिवशी बघायचं.

तिसरा, दाराशी एक वही. येणाऱ्याला विचारायचं, ‘तुम्हाला कसं कळलं?’ पत्रक, व्हॉट्सॲप, शेजारीण, अशा रकान्यांत रेघा मारायच्या. पुढच्या वर्षी पैसा कुठे घालायचा, हे त्या रेघा सांगतात.

दुसऱ्या वर्षी आम्ही मोकळं पटांगण घेतलं. पगारानंतरचे शनिवार-रविवार, रात्री साडेनऊपर्यंत. भाडं जास्त पडलं, पण काकूंची चूल दाराजवळच लावली. भाकरीचा वास रस्त्यापर्यंत जात होता. वहीत ‘वासानं आलो’ असा नवा रकाना करावा लागला!

तरी एक चुकलंच. रविवारी आठ वाजता काकूंचं पीठ संपलं, आणि त्याच वेळी प्रसिद्धीच्या ताईनं मोबाइलवर पुन्हा निरोप सोडला, ‘या, भाकरी तयार आहे’. लोक आले आणि परत गेले. म्हणून आता चौथा नियम. प्रदर्शन चालू असताना दोघींनी दर दोन तासांनी भेटायचं आणि काय संपलं, काय उरलं ते बोलायचं.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत या दोन ताई ठरवा. दोघींना मिळून वही मात्र एकच द्या. आवतण कितीही गोड असलं, तरी पानावर काय पडलं तेच पाहुणा लक्षात ठेवतो.