विली नेल्सन : एका स्वतंत्र गवयाची वाटचाल

गवयाला दोघांचें बंधन असतें : त्याची किंमत न ओळखणाऱ्यांचें आणि त्याच्यावर लोभ करणाऱ्यांचें. पहिलें तोडणें त्या मानानें सोपें. दुसरें फार कठीण. अमेरिकेंतील विली नेल्सन या गवयाला हीं दोन्ही बंधनें तोडावीं लागलीं.

श्रोतेहो, ‘कंट्री’ म्हणजे अमेरिकन संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांतील शेतकरी-मजुरांमध्यें वाढलेलें संगीत, आणि नॅशव्हिल शहर ही त्याची मोठी पेठ. १९३३ सालीं टेक्सासमधील ॲबट या खेड्यांत जन्मलेला नेल्सन आजीआजोबांपाशीं, कापूस वेंचीत वाढला. १९६० सालीं तो नॅशव्हिलला गेला. त्यानें रचलेलें ‘क्रेझी’ हें गीत पुढल्याच वर्षीं पॅट्सी क्लाइन या गायिकेनें गाजविलें. गीतकार म्हणून त्याला मान मिळाला. गायक म्हणून मिळेना. शब्द मात्रेच्या मागेंपुढें टाकून लयीशीं लपंडाव खेळण्याची त्याची रीत होती. ठुमरीच्या रसिकाला ही गंमत तेव्हांच कळेल. त्या पेठेला ती रुचली नाहीं. त्याच्या साध्या गळ्यावर वाद्यवृंदाचा जाड थर चढविला जाई.

१९७० च्या डिसेंबरांत त्याचें नॅशव्हिलजवळचें घर जळालें आणि तो टेक्सासला परतला. १९७२ पासून ऑस्टिन शहरांत त्याच्या गाण्याला खेडवळ शेतकरी आणि लांब केंसांचे तरुण, एरव्हीं न पटणारे, शेजारीं शेजारीं बसूं लागले. पुढें कोलंबिया कंपनीशीं करार करतांना गाण्याविषयींचा अखेरचा अधिकार त्यानें स्वतःकडे ठेविला. १९७५ सालीं ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ही गीतकथा त्यानें गिटार, बहिणीचा पियानो, हार्मोनिका अशा मोजक्या वाद्यांवर मुद्रित केली. अधिकाऱ्यांना तो कच्चा खर्डा वाटला; पण करारापुढें त्यांचें चालेना. ती तशीच निघाली आणि कंट्री संगीताच्या यादींत पहिली आली.

आतां टेक्सासनें त्याला आपला बंडखोर म्हणून डोक्यावर घेतलें. खरी कसोटी येथेंच होती. १९७८ सालीं ‘स्टारडस्ट’मध्यें त्यानें मागल्या पिढीचीं शहरी गाणीं म्हटलीं. कंपनी पुन्हां धास्तावली. वृद्धांना तीं ओळखीचीं वाटतील आणि तरुणांना नवीं, असा त्याचा हिशेब होता. तो खरा ठरला. ती ध्वनिमुद्रिका त्या यादींत सुमारें १० वर्षें टिकली.

आवडत्या गवयाकडे तीच चीज पुनःपुन्हां मागणाऱ्या रसिकांनीं हें ध्यानांत ठेवावें. आपली फर्माईश प्रेमाची असते. पण ती नाकारण्याचा त्याचा अधिकारही आपण प्रेमानेंच मानला पाहिजे.